भानू अथैय्या : कुंचल्याकडून कापडाकडे

कोल्हापूरच्या भानुमती राजोपाध्ये (१९२९-२०२०) मुंबईच्या सर जे. जे. कला महाविद्यालयात शिकल्या त्या चित्रकला. तेथे त्यांना उषा देशमुख सुवर्णपदक लाभले. १९५३ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनात त्यांची चित्रे मांडली गेली. पुढे महिला नियतकालिकांसाठी काढलेल्या वेशरेखाटनांनी वाट वळवली आणि ‘सीआयडी’पासून (१९५६) त्या चित्रपटांकडे आल्या. चित्रकाराची नजर मात्र सुटली नाही. ‘आम्रपाली’च्या (१९६६) वस्त्रांसाठी त्यांनी थेट अजिंठ्याची भित्तिचित्रे अभ्यासली. ‘गांधी’साठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासह मिळालेले ऑस्कर हे भारतीयाला लाभलेले पहिलेच. आपल्या संग्रहव्यवस्थेला भूषणावह नव्हे, पण ते मानचिन्ह येथे सुरक्षित राहील असा भरवसा त्यांना वाटेना. २०१२ मध्ये त्यांनी ते अकादमीच्या स्वाधीन केले.