गुलमर्ग : खांद्यावरून दोरावर

उर्दूच्या तासाला 'गुलमर्ग' हा शब्द फळ्यावर लिहिला की एखादं मूल हमखास विचारतं, "सर, मर्ग म्हणजे मौत ना? मग हे फुलांचं मरण कसं काय?" शंका रास्त आहे. उर्दूत मृत्यूला मर्ग म्हणतात आणि लिहिताना अक्षरंही तीच येतात. पण काश्मिरीत मर्ग म्हणजे डोंगरातलं कुरण. सोनमर्ग, खिलनमर्ग, टंगमर्ग, सगळीकडे तोच अर्थ. मराठीच्या तासाला दुसरीच गंमत होते, मुलं सरळ 'गुलमार्ग' वाचतात. आपले पर्यटकही तसंच म्हणतात आणि परत आल्यावर एकमेकांना विचारतात, "गंडोला केला का? फेज वन की फेज टू?" देवदर्शन करावं तसा गंडोला 'करतात'.

या गंडोलाला आता पंचवीस वर्षांहून जास्त काळ लोटला आहे. त्याच्या जोडीला नव्या लिफ्ट हव्यात, खालून वर येणारा नवा रोपवे हवा, स्कीइंगसाठी आणखी उतार हवेत, अशा योजना वर्षानुवर्षं पुढे येत असतात. त्या वाचताना मला मात्र एक जुनी गोष्ट आठवत राहते. गुलमर्गला माणसं वर कशी गेली आणि त्यांना वर कुणी नेलं, याची गोष्ट.

आधी नावाचं पाहू. हे कुरण पूर्वी गौरीमर्ग होतं आणि सोळाव्या शतकात सुलतान यूसुफ शाह चक याने त्याला गुलमर्ग हे नाव दिलं, असं परंपरा सांगते. हा यूसुफ म्हणजे हब्बा खातूनच्या आख्यायिकेतला राजा. अकबराने त्याला कैद केलं आणि काश्मीर पुन्हा त्याच्या नजरेला पडलं नाही. त्याची कबर बिहारमध्ये, नालंदा जिल्ह्यातल्या बिस्वक गावी आहे. जहांगीरने इथून एकवीस जातींची फुलं गोळा केल्याचं सांगतात. राजेलोक येत, फुलं पाहत आणि परत जात. कुरण मात्र उन्हाळ्यात गुरं-मेंढरं घेऊन येणाऱ्या गुज्जरांचं आणि खालच्या गावांतल्या गुराख्यांचं होतं.

याच उतारावर, गुलमर्गच्या थोडं खाली, बाबा रेशींची दर्गाह आहे. बाबा पयामुद्दीन हे त्यांचं नाव, वफात १४८० ची. सुलतान झैनुल आबिदीनच्या दरबारातले हे मातब्बर गृहस्थ एकदा वाटेत थबकले. मुंग्या हिवाळ्यासाठी दाणे साठवत होत्या. मुंगी पुढच्या थंडीची सोय करते आणि आपण आखिरतसाठी काय साठवलं, या विचाराने त्यांनी सगळं सोडलं, अशी कथा आहे. काश्मीरच्या या रेशी सूफींबद्दल जहांगीरने लिहून ठेवलं आहे की ते मांस खात नाहीत आणि लोकांना उपयोग व्हावा म्हणून फळझाडं लावतात. आजही गुलमर्गला निघालेली अनेक काश्मिरी कुटुंबं आधी इथे थांबतात. आपल्या टूरच्या गाड्या सहसा सरळ पुढे जातात. अर्ध्या तासाचा प्रश्न आहे, पण 'आयटिनररी'त ते बसत नाही.

एकोणिसाव्या शतकात इंग्रज आले. पंजाबच्या उकाड्यातून पळून त्यांना थंड हवा हवी होती, पण संस्थानात युरोपियनांना जमीन विकत घेता येत नव्हती. म्हणून श्रीनगरात हाउसबोटी झाल्या आणि गुलमर्गला लाकडी झोपड्या. १८८८ मध्ये नेडू कुटुंबाचं हॉटेल उभं राहिलं, पाठोपाठ गोल्फ आला, चर्च आलं. या नेडूंची हकिगत आपल्या वाचकांना माहीत असायला हवी. एड्रियाटिक समुद्राकाठच्या डुब्रोव्हनिकहून आलेलं हे हॉटेलवाल्यांचं घराणं. त्यातल्या हॅरी नेडूने मीरजान या गुज्जर मुलीशी निकाह केला आणि इस्लाम स्वीकारला. त्यांची मुलगी अकबर जहाँ. तिचं लग्न १९३३ मध्ये शेख अब्दुल्लांशी झालं. २०२४ मध्ये मुख्यमंत्री झालेले ओमर अब्दुल्ला हे तिचे नातू. म्हणजे ज्यांचं कुरण आणि ज्यांचं हॉटेल, ते दोन्ही धागे काश्मीरवर राज्य करणाऱ्या घराण्यात एकत्र आले आहेत. इतिहास कधी कधी कादंबरीकाराला लाजवतो!

पण साहेब वर जात कसे? तेव्हा टंगमर्गच्या पुढे गाडीरस्ता नव्हता. घोडा, नाहीतर दांडी. दांडी म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहून न्यायची खुर्ची. मडमा, मुलं आणि म्हातारे साहेब दांडीत बसत. ट्रंका, भांडी, बिछाने हमालांच्या पाठीवर. त्या काळी काश्मीरच्या शेतकऱ्याच्या मानेवर बेगारीचं जू होतं. गिलगिटच्या वाटेवर ओझी वाहण्यासाठी धरून नेलेले लोक परत येतील की नाही याची घरच्यांना खात्री नसे. वॉल्टर लॉरेन्सने १८९५ च्या आपल्या ग्रंथात या बेगारीबद्दल लिहिलं आहे आणि तो तर सरकारी माणूस होता. गुलमर्गच्या वाटेवर मजुरी मिळत असेल, ती गिलगिटपेक्षा सुखाचीही असेल. पण 'काश्मिरी हातो' म्हणून ज्याची टिंगल व्हायची तो ओझेवाला हाच. गुलमर्गवरच्या इंग्रजी आठवणी वाचा. फुलांवर पानंच्या पानं सापडतील, खांद्यावर एखादी ओळ मिळाली तर नशीब.

स्कीइंग आलं १९२७ मध्ये. इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी स्की क्लब ऑफ इंडिया काढला आणि नाताळच्या सुट्टीत गुलमर्गला जमायला सुरुवात केली. ज्यांनी बर्फ फक्त सिनेमात पाहिला त्यांच्यासाठी (म्हणजे माझ्यासारख्या बहुतेकांसाठी) सांगतो. स्कीइंग म्हणजे पायांना लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत येणं. खाली यायला काही मिनिटं लागतात, पण वर चढायला तास लागतो. दिवसाला किती वेळा घसरायला मिळेल हे वर नेणाऱ्या साधनावर ठरतं. म्हणून बर्फानंतर स्की रिसॉर्टचा जीव लिफ्टमध्ये असतो. त्या काळी लिफ्ट नव्हतीच. छाती फुटेस्तोवर चढायचं, मग घसरायचं.

मग १९४७ आलं. काश्मीरवर कबाइली टोळ्या पाठवण्याच्या पाकिस्तानी बेताचं नाव भारतीय लष्करी इतिहासात 'ऑपरेशन गुलमर्ग' असं नोंदलेलं आहे. फुलांच्या कुरणाचं नाव कशाला दिलं गेलं पाहा! पुढच्याच वर्षी भारतीय लष्कराने गुलमर्गला बर्फातल्या युद्धाचं प्रशिक्षण सुरू केलं. आजचं हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ते हेच. नियंत्रण रेषा इथून दूर नाही. गुलमर्गच्या कुठल्याही योजनेचा हिशेब मांडताना हे विसरून चालत नाही.

१९६८ मध्ये रुडॉल्फ मॅट या ऑस्ट्रियन जाणकाराने पाहणी करून हिवाळी खेळांसाठी गुलमर्गच्या बाजूने कौल दिला. सरकारी स्कीइंग संस्था निघाली, शिकाऊंसाठी ओढून नेणाऱ्या छोट्या लिफ्ट आल्या. त्याच सुमारास 'बॉबी' आला आणि मुंबईकरांना गुलमर्ग पाठ झालं. १९८० च्या दशकात मोठं स्वप्न पडलं, थेट अफरवट डोंगरापर्यंत गंडोला. यंत्रं पोमागाल्स्की या फ्रेंच कंपनीची. १९८८ मध्ये केबल कार महामंडळ स्थापन झालं. आणि पुढच्याच वर्षी काश्मीर पेटलं.

काम थांबलं. पहिला टप्पा, गुलमर्ग ते कोंगदूरी, सुरू व्हायला १९९८ उजाडलं. दुसरा, अफरवटच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटर उंचीपर्यंतचा, २००५ मध्ये. कोंगदूरीवरून मेरी शोल्डरला नेणारी खुर्चीलिफ्ट २०११ मध्ये. म्हणजे या दोराचं वय मोजायचं तर सुरुवात कुठून करायची? खालच्या टप्प्याचा आराखडा एका काळातला, वापर दुसऱ्या काळातला आणि गर्दी तिसऱ्याच काळातली. सहा जणांच्या केबिना, तासाला सहाशेच्या आसपास माणसं नेण्याची सोय. आणि २०२३ सारख्या वर्षात दहा लाखांच्या घरात प्रवासी! मूळ कल्पना स्कीअरना वर नेण्याची होती, पण आज रांगेत असतो तो लोकरी टोपी घातलेला सहलीचा प्रवासी, आणि तोही उन्हाळ्यात. यंत्राला विश्रांती म्हणून उरत नाही.

असला दोर म्हणजे पोलादी तारा पिळून केलेला लांबच लांब वळसा. प्रत्येक खांबावर तो चाकांच्या रांगेवरून जातो, दोन्ही टोकांना अवाढव्य चाकाभोवती वळतो. दर वळणाला तारा किंचित वाकतात आणि सरळ होतात. हे लाखो वेळा झालं की आतली एखादी तार तुटते. बाहेरून काही दिसत नाही, म्हणून चुंबकीय यंत्राने तपासावं लागतं. दोर ताणून लांबतो, मग कापून पुन्हा सांधावा लागतो. काही खुर्चीलिफ्टमध्ये खुर्ची दोराला कायमची चिमट्याने धरलेली असते, तो चिमटा ठराविक काळाने सरकवला नाही तर त्याच जागी दोर झिजतो. चाकांची रबरं बदलायची, ब्रेक तपासायचे. आणि दोराच्या दोन्ही अंगांची झाडं पाहायची. यातल्या कशाचंही फीत कापून उद्घाटन होत नाही. गंडोला देखभालीसाठी काही दिवस बंद ठेवतात तेव्हा आपल्याकडचे प्रवासी "नेमकं आत्ताच का?" म्हणून चिडतात. मला ती बातमी वाचली की बरं वाटतं.

झाडांचं मुद्दाम लिहिलं. २५ जून २०१७ चा रविवार, ईदच्या आदला दिवस. दुपारी जोराचं वारं सुटलं, एक मोठं झाड उन्मळून पहिल्या टप्प्याच्या रोपवेवर कोसळलं. केबिनमधली माणसं खोल खाली आदळली. सात जण गेले. दिल्लीचं एक कुटुंब, आईवडील आणि दोन लहान मुली. आणि तीन स्थानिक वाटाडे. इतर केबिनांत अडकलेल्यांना तासन् तास खपून खाली उतरवावं लागलं. मग चौकशी, ठपके, आणि वारं एवढं असताना रोपवे चालूच का होता हा प्रश्न.

बातम्यांत दिल्लीच्या कुटुंबाचे फोटो आले, यायलाच हवे होते. त्या तीन वाटाड्यांबद्दल दूरच्या वाचकाला फार कमी कळलं. चांदरातीच्या दिवशी, रोजा ठेवण्याच्या महिन्यात, ही माणसं पाहुण्यांना घेऊन वर का निघाली होती? कारण सीझन तेव्हा होता. ईदचा खर्च त्याच दिवसांतून निघतो. दांडीवाल्याचा नातू आज वाटाड्या आहे, घोडेवाला आहे, हिवाळ्यात लाकडी घसरगाडी ओढणारा आहे. आपण त्याच्या भावावरून घासाघीस करतो आणि घरी येऊन "तिथले लोक फार मागे लागतात" असं सांगतो. तो मागे लागतो, कारण जे काम त्याच्या आजोबांच्या खांद्याचं होतं ते आता दोर करतो, आणि दोराचं तिकीट महामंडळाच्या खिडकीवर किंवा ऑनलाइन जातं.

मी यंत्राविरुद्ध नाही. माणसाने माणसाला वाहून नेणं बंद झालं हे उत्तमच. आपल्या माथेरानचं पाहा. तिथे मोटारींना बंदी, म्हणून माणूस ओढत असलेल्या रिक्षा स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षं चालू राहिल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांत त्या बंद करा असं सांगितलं. पण त्याच निकालात, ई-रिक्षा त्या ओढणाऱ्यांनाच भाड्याने मिळतील अशी योजना करा आणि पैसा नाही ही सबब सांगू नका, असंही बजावलं. यंत्र आलं तर ते आधी ज्याच्या खांद्यावर ओझं होतं त्याच्या हाती यावं, ही गोष्ट न्यायालयाला कळली. गुलमर्गच्या विस्ताराच्या बातम्यांत मी हेच शोधतो. किती मीटर, किती कोटी, तासाला किती प्रवासी हे आकडे मिळतात. टंगमर्गच्या घोडेवाल्याचं काय, हे वाक्य क्वचित सापडतं.

आणि बर्फ? जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार उघडे, तपकिरी पडले होते, ते फोटो जगभर फिरले. बर्फ उशिरा आला. २०२५ मध्ये बर्फ पुरेसा नाही म्हणून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ फेब्रुवारीतून मार्चवर ढकलावे लागले. नवी खुर्चीलिफ्ट पंचवीस-तीस वर्षांच्या हिशेबाने बांधतात. खालच्या उतारांवर तेवढी वर्षं बर्फ राहील, असं आज छातीठोक कोण सांगेल? वरच्या उतारांवर राहील कदाचित, पण तिथे हिमस्खलनाचं भय. फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवटवर दोन पोलिश स्कीअर त्यात गेले. शिवाय लिफ्टमागून हॉटेलं येतात आणि त्यांचं सांडपाणी त्याच कुरणाच्या उतारावरून खाली, गावांकडे जातं.

मला विचाराल तर पैसा आधी जुन्या दोरावर, चाकांवर, झाडांच्या पाहणीवर आणि वाऱ्याचा वेग मोजून रोपवे थांबवण्याचा अधिकार असलेल्या माणसावर खर्च व्हावा. त्यानंतर नव्या लिफ्टचं बोलू, आणि तेही वाटाडे व घोडेवाल्यांना समोर बसवून. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला सव्वीस जण मारले गेले, त्यांत सहा आपल्या महाराष्ट्रातले होते आणि एक तिथला घोडेवाला होता. त्यानंतरच्या ओस पडलेल्या महिन्यांत ज्यांचा हात सगळ्यात आधी रिकामा झाला ते हेच लोक.

तुमच्यापैकी कुणी या वर्षी जाणार असेल तर एवढं लक्षात ठेवा. वारं वाढलं की वरचा टप्पा बंद करतात. तिकिटाचे पैसे, सुट्टी, मुलांचा हट्ट सगळं खरं, तरी खिडकीतल्या माणसाशी भांडू नका. त्या वेळात खाली बाबा रेशींकडे जाऊन या. आणि घसरगाडीवाल्याशी भाव ठरवताना त्याचं नाव विचारा.