पहिली ख्रिस्तसभा आणि साताऱ्याचा दरबार

साताऱ्यात १९१७ साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताचा शिष्य म्हणवणाऱ्या प्रत्येकाला, त्याचा स्नानसंस्कार झालेला असो वा नसो, तेथे स्थान होते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक निवर्तले आणि दरबारही फार काळ टिकला नाही. स्नानसंस्कार हेच ख्रिस्तसभेचे द्वार मानणाऱ्या आम्हां सातारा-सांगलीकडील कॅथलिकांना हा प्रयोग परका वाटतो. पण त्यामागचा प्रश्न ख्रिस्तसभेइतकाच जुना आहे.

प्रारंभीचे श्रद्धावंत यहुदीच होते. सुंता व शब्बाथ पाळूनच ते येशूला मसीहा मानीत. इ. स. ४९ च्या सुमारास यरुशलेमच्या सभेपुढे प्रश्न आला, तो परराष्ट्रीयांना आत कसे घ्यावे हा. पेत्र व याकोब यांच्या मताप्रमाणे सुंतेचे जोखड त्यांच्यावर लादले गेले नाही. पुढे परराष्ट्रीय बहुसंख्य झाले आणि प्रश्न उलटला. इ. स. १३५ पर्यंत यरुशलेमचे बिशप यहुदी वंशाचेच होते, असे इतिहासकार युसेबियस नोंदवतो. पाचव्या शतकाच्या आरंभी मात्र संत जेरोम यांना मोशेचे नियमशास्त्र पाळणारे नाझरीन ना धड यहुदी वाटले, ना धड ख्रिस्ती.

त्याच शतकात रोमच्या संत सबिना मंदिरात भिंतीवर दोन स्त्रिया चितारल्या गेल्या: एक सुंता झालेल्यांची ख्रिस्तसभा, दुसरी परराष्ट्रीयांची. पहिलीने दुसरीसाठी दार उघडले होते. दुसरीने पहिलीसाठी काय केले, हे आम्ही स्वतःस विचारावे. कारण स्नानसंस्कार न घेतलेला ख्रिस्तभक्त आजही आमच्या देवळात मागच्या बाकावर बसलेला असतो.