मी देव मानतो, असं मी मानतो

'तुम्ही अजून देव मानता का?' एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी फोनवर विचारलं. सार्वजनिक फोनपाशी उभ्या असलेल्या जान्नी वात्तिमोंच्या तोंडून निघून गेलं : 'क्रेदो दि क्रेदेरे.' या इटालियन तत्त्वज्ञाच्या १९९६ सालच्या छोट्या पुस्तकाचं नाव तेच झालं, 'क्रेदेरे दि क्रेदेरे'. उत्तर-आधुनिक तत्त्वज्ञानात देव कोणत्या दाराने परत आला, हे या तीन शब्दांतून कळतं.

'क्रेदेरे' म्हणजे श्रद्धा ठेवणं, आणि 'मला आपलं असं वाटतं' म्हणतानाही तेच क्रियापद. इंग्रजीत ही गंमत उतरेना, म्हणून तिथे पुस्तक नुसतं 'बिलीफ' झालं. मराठीला अडचण नाही. देव आपण मानतो, आणि उद्या पाऊस पडेल असंही मानतो.

या वाक्याचं मूळ मात्र त्या फोनच्या आधीचं. तरुणपणी वात्तिमो कॅथलिक संघटनेचे कार्यकर्ते होते. पुढे नीत्शे आणि हायडेगर वाचून ते दुरावले. १९८३ साली पिएर आल्दो रोव्हात्तींबरोबर त्यांनी 'इल पेन्सिएरो देबोले' हा लेखसंग्रह संपादित केला. देबोले म्हणजे अशक्त. अंतिम सत्य हाती लागल्याचा दावा सोडून देणारा विचार तो अशक्त विचार. मग त्यांच्या लक्षात आलं की नीत्शेचा 'देव मेला' हा निरोप नास्तिकांनाही लागू पडतो. अंतिम सत्यच उरलं नाही, तर 'देव नाहीच' हे तरी कशाच्या जोरावर ठणकावायचं? उलट फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायातला, स्वतःला रिक्त करून दासाचं रूप घेणारा ख्रिस्त त्यांना आपल्या अशक्त विचाराचा पूर्वज वाटू लागला. हा युक्तिवाद मला जरा जास्तच सोयीचा वाटतो. पण वात्तिमो समलिंगी होते, ते त्यांनी लपवलं नाही, आणि चर्चच्या 'निसर्गनियमां'चा जोर त्यांनी अंगावर झेलला होता. देवाने बळ सोडावं ही त्यांची गरज पुस्तकी नव्हती.

पुस्तकाआधी दोन वर्षं, २८ फेब्रुवारी १९९४ रोजी, काप्री बेटावर धर्म या विषयावर एक चर्चासत्र सुरू झालं. वात्तिमो होते, त्यांचे हायडेलबर्गमधले गुरू, ९४ वर्षांचे गाडामर होते, फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा होते. बोलणं इटालियन, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश अशा भाषांतलं. धर्म परत आलाय म्हणता, पण 'रिलिजन' हा शब्दच लॅटिन, तो जगभर लागू कसा करायचा, हा देरिदांचा सवाल. अल्जीरियात ज्यू घरात जन्मलेल्या या माणसाने आणखीही एक नोंद केली : आपल्यात एकही मुसलमान नाही, आणि एकही बाई नाही.