बाग एकाची, कळप दुसऱ्याचा : खानदेशातील एका जुन्या कराराची गोष्ट (थ्रेड)

१/ बागेत झाडांसोबत जनावरेही असावीत. ती तण खातात आणि खत जागेवरच टाकतात. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या ऑस्ट्रेलियन अभ्यासकांनी १९७८ मध्ये मांडलेल्या ‘पर्माकल्चर’मधील हा एक महत्त्वाचा विचार. नरडाण्याच्या शिवाराला मात्र तो नवा नाही. फरक एवढाच, की येथे जमीन एकाची असे आणि कळप दुसऱ्याचा.

२/ नरडाणा हे धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील गाव. मुंबई-आग्रा महामार्ग आणि सुरत-भुसावळ लोहमार्ग येथून जातात. आज त्याची ओळख औद्योगिक वसाहतीमुळे आहे. पण शिंदखेडा आणि साक्री हा कमी पावसाचा पट्टा ठेलारी मेंढपाळांचाही आहे. पावसाळा ओसरला की त्यांचे वाडे चाऱ्याच्या शोधात बाहेर पडतात.

३/ पीक निघालेल्या शेतात मेंढ्या बसवणे ही जुनी रीत. दिवसा कळप धसकटे, तण आणि पालापाचोळा चरतो. रात्री त्याला जाळीच्या कुंपणात कोंडतात आणि ते कुंपण रोज पुढे सरकवतात. काही रात्रींत सारे शेत लेंड्या आणि मूत्राने खतावते. खत वाहून नेण्यासाठी गाडी लागत नाही, की पसरण्यासाठी मजूर लागत नाही.

४/ मग शेळ्या का नाहीत? मेंढी मुख्यतः जमिनीलगतचे गवत चरते. शेळी मागच्या पायांवर उभी राहून कोवळा पाला आणि शेंडे ओरबाडते. लहान कलमांची सालही सोडत नाही. म्हणून कळपात शेळ्या मोजक्याच असतात : बिऱ्हाडाला दूध देण्यासाठी आणि पोरक्या कोकरांना पाजण्यासाठी. फळबागेत कळप शिरतो तो झाडे उंच झाल्यावर, आणि तोही राखणीखाली.

५/ या व्यवहारात शेतकरी धान्य देई, पुढे रोख रक्कम देऊ लागला. मेंढपाळाला चारा, पाणी आणि मुक्कामाची जागा मिळे. लेखी कागद नसे. पुढच्या वर्षी त्याच बांधावर पुन्हा यायचे आहे, हीच दोघांची हमी.

६/ १८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला. पुढे अमेरिकेतील यादवी युद्धाने (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस तुटला आणि खानदेशी कापसाला भाव आला. पडीक जमीन नांगराखाली जाऊ लागली, तसे चराईचे रान आकसले.

७/ १८७८ च्या वनकायद्याने राखीव जंगलातील चराईवर सरकारी नियंत्रण आणले. वनखात्याच्या दृष्टीने शेळी तर जंगलाची वैरीणच. शेतात जी भटकंती सेवा ठरे, तीच जंगलाच्या सीमेवर गुन्हा ठरू लागली.

८/ विरोधाभास पाहा. १८९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात इंग्लंडचे कृषिरसायनज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर यांनी बजावले की, भारतात शेण गोवऱ्यांच्या रूपाने जळते आणि शेते उपाशी राहतात. उपाय म्हणून त्यांनी सरपण आणि चाऱ्यासाठी राखीव राने सुचवली. शेतीला खत हवे होते. खत देणाऱ्या कळपांच्या वाटा मात्र अरुंद होत होत्या.

९/ स्वातंत्र्यानंतर रासायनिक खताची गोणी आली. सिंचनामुळे एका पिकामागून दुसरे पीक उभे राहू लागले, बागांना पक्की कुंपणे पडली आणि ठिबकच्या नळ्या अंथरल्या गेल्या. कळपाने बसावे असे मोकळे शेत आणि त्यासाठीचा मोकळा काळ, दोन्ही घटले.

१०/ तरीही सुगीनंतर खानदेशात मेंढरांचे वाडे दिसतात आणि जाणता शेतकरी त्यांना आपल्या शेतात बोलावतो. बागेत जनावरे ठेवण्याचे तंत्र पुस्तकातून शिकता येईल. पण जमीन नसलेल्याला जमीन असलेल्याने दारी मान देण्याची ती रीत एकदा मोडली, तर ती कोणत्या पुस्तकातून परत आणणार?