अनवाणी : सामाजिक संकेत

पायात काही न घालता वावरण्याला भारतीय समाजात कुठे मान आहे, कुठे मज्जाव. देऊळ, स्वयंपाकघर आणि धान्याचे खळे इथे वहाणा बाहेर काढण्याची रीत जुनी आहे. व्रत म्हणूनही चप्पल सोडतात. नवरात्रात घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत अनवाणी राहणारे नोकरदार मुंबईच्या लोकलमध्ये सर्रास दिसतात. कडक इस्त्रीच्या पँटखाली उघडी पावले पाहून एरवी हटकणारा साहेबही त्या दिवसांत गप्प बसतो.

जातिव्यवस्थेने मात्र हेच अनवाणीपण लादले. सवर्णांच्या आळीतून जाताना दलितांनी पायताण काढून हातात घ्यावे, अशी रूढी अनेक गावांत होती. जोडे शिवणाऱ्या जातीही या रूढीतून सुटल्या नव्हत्या.

इंग्रजांनी एतद्देशीयांचा शिष्टाचार स्वतःच्या सोयीने वापरला. दरबारात किंवा साहेबापुढे हिंदी माणसाने जोडे काढून यावे, असा आग्रह एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला आणि गव्हर्नर-जनरल डलहौसीच्या काळात तो अधिक कडक झाला. पुढे युरोपीय बनावटीचे बूट-मोजे घालणाऱ्यांना सवलत मिळाली, देशी जोड्याला नाही. म्हणजे आदर पायापेक्षा बुटाच्या बनावटीवर ठरू लागला. १८६२ साली सुरतेच्या फौजदारी अदालतीत माणेकजी कावसजी एंटी या असेसरांनी (न्यायाधीशाला सल्ला देणाऱ्या पंचांनी) सेशन्स जज्जापुढे जोडे काढण्यास नकार दिला. त्यांना न्यायालयात प्रवेश बंद झाला, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गव्हर्नराकडे लेखी निषेध नोंदवला. हिंदी लोक घरात आणि देवळात जोडे काढतातच, मग इथे का नाही, असा सरकारपक्षाचा सवाल होता. त्यावर उत्तर आले की तिथे प्रश्न घाणीचा आणि चामड्याच्या विटाळाचा असतो. कचेरी म्हणजे घर नव्हे की देऊळ नव्हे. विटाळाचा आधार घेणारा हा युक्तिवाद आज खटकतो, पण न्यायाधीशाला देवाच्या पंक्तीला बसवण्याचा डाव त्याने नेमका पकडला होता. न्यायालयांत जोडे चालू लागायला त्यानंतरही बरीच वर्षे गेली.

स्वातंत्र्यानंतर उलटा प्रसंग घडला. पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन अनवाणी वावरत. कवी मुक्तिबोध यांच्या १९६४ मधील अंत्ययात्रेपासून त्यांनी जोडे सोडले, असे सांगितले जाते. १९८०च्या दशकात मुंबईच्या विलिंग्डन क्लबने त्यांना पायात काही नाही म्हणून प्रवेश नाकारला. हिंदी लोकांना गोऱ्यांच्या बरोबरीने प्रवेश देणारा क्लब, अशी याच क्लबची मूळची ख्याती होती.