एका आडवाटेचे मंडन

गेल्या उन्हाळ्यात एका जिल्हा स्पर्धेत अकरा वर्षांच्या एका मुलाचा डाव मी मागे उभा राहून पाहत होतो. त्याच्याकडे पांढरी मोहरी होती आणि समोरच्याने पेट्रॉफ बचाव मांडला होता. दोन्हीकडची राजासमोरची प्यादी दोन-दोन घरे पुढे आली, दोन्हीकडचे घोडे बाहेर पडले. मुलाने ई-५ वरचे प्यादे घोड्याने मारले. काळ्याने डी-६ खेळून घोड्याला हटकले. इथे बहुतेक सगळे घोडा एफ-३ वर परत आणतात. या मुलाने तो थेट एफ-७ वर घातला. काळ्या राजाने घोडा मारला आणि दीड तासाने मुलगा हरला. बाहेर ओसरीवर त्याचे प्रशिक्षक त्याला म्हणाले, "भक्कम बचावासमोर असला जुगार खेळायचा नसतो. पुस्तकातली वाट धर." मुलगा काहीच बोलला नाही.

हे मत त्या प्रशिक्षकांचे एकट्याचे नाही. बुद्धिबळाच्या वर्गांत, पालकांच्या बोलण्यात, अगदी चांगल्या खेळाडूंच्या तोंडीही ते आढळते, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. म्हणून पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडतो. पेट्रॉफसारखा बचाव दीडशेहून अधिक वर्षे तावून सुलाखून निघाला आहे. क्रॅमनिक आणि कारुआना यांसारखे अव्वल खेळाडू आपल्या कारकिर्दीत त्यावर विसंबून राहिले. अशा बचावावर दोन प्याद्यांसाठी घोडा द्यायचा, हा संगणकाच्या हिशेबात निव्वळ तोटा आहे. आडवाट चालते ती प्रतिस्पर्ध्याच्या अज्ञानावर. त्याने ती एकदा घरी तपासली की तिचा प्रभाव संपला. आणि मुलांना ती शिकवली तर मोहरी विकसित करणे, केंद्र धरणे, राजाला किल्लेकोटात नेणे या मूळ गोष्टी कच्च्या राहतात.

संगणकाचा मुद्दा सगळ्यात वजनदार वाटतो, म्हणून आधी तोच घेतो. "यंत्र तोटा दाखवते, म्हणून ही वाट खेळण्यास अयोग्य" असे हे अनुमान आहे. नैयायिक इथे व्याप्ती विचारतील: जिथे जिथे यंत्र तोटा दाखवते, तिथे तिथे वाट अयोग्य असते का? किंग्ज इंडियन बचाव पाहा. यंत्र त्यात पांढऱ्याला चांगली आघाडी देते. तरी फिशर आणि कास्पारोव्ह यांनी तो आयुष्यातली कितीतरी वर्षे खेळला आणि त्याला कोणी जुगार म्हणत नाही. म्हणजे हेतू (यंत्राने दाखवलेला तोटा) आहे, पण साध्य (अयोग्यता) नाही. असा हेतू सव्यभिचार ठरतो, त्यावर निष्कर्ष उभा राहत नाही. यंत्र सांगते ते खरेच असते, पण ते उत्तर दोन्ही बाजूंनी यंत्रानेच खेळायचे असेल तेव्हाचे. घड्याळ चालू असताना माणसाला पटावर किती अवघड प्रश्न सोडवावे लागतील, हे तो आकडा सांगत नाही.

किंग्ज इंडियनचे नाव मुद्दाम घेतले, कारण त्या नावात आपल्याकडचीच एक गोष्ट आहे. कलकत्त्यात वकिली करणारे जॉन कॉक्रेन हे स्कॉटिश गृहस्थ त्या काळातल्या बलाढ्य खेळाडूंपैकी. १८४८ पासून त्यांचे महेशचंद्र बॅनर्जी या बंगाली ब्राह्मणाशी पुष्कळ डाव झाले. महेशचंद्र भारतीय पद्धतीने खेळत वाढलेले. त्या पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरकते. म्हणून ते काळ्या मोहऱ्यांनी डी-६, जी-६ अशा जवळच्या खेळ्या करून उंट कोपऱ्यातून बाहेर काढत. लंडनच्या डोळ्यांना ही आडवाट होती. आज अशा बचावांना सर्रास 'इंडियन' म्हणतात आणि ते प्रत्येक पुस्तकात असतात. त्याच १८४८ मध्ये महेशचंद्रांच्या पेट्रॉफवर कॉक्रेननी तो घोडा एफ-७ वर दिला, आणि त्या बलिदानाला त्यांचेच नाव पडले: कॉक्रेन गॅम्बिट. एकाच पटाच्या दोन बाजूंना दोन आडवाटा बसल्या होत्या. त्यांतली एक पुढे राजमार्ग झाली, दुसरी आडवाटच राहिली. दोघांच्याही खेळात अज्ञानावर टाकलेला डाव मला दिसत नाही. शेकडो डाव एकमेकांशी खेळलेल्या माणसांपासून काय लपणार?

आता "माहीत झाली की संपली" या मुद्द्याकडे येतो. इथे मला एक गोष्ट मान्य केलीच पाहिजे. काही वाटा खरोखर अशाच असतात. पेट्रॉफच्याच दारातून निघणारा स्टॅफर्ड गॅम्बिट घ्या. काळा डी-६ ऐवजी दुसरा घोडा सी-६ वर आणतो, प्यादे सोडून देतो आणि सापळे लावून बसतो. पांढऱ्याने चार-सहा शांत, नीट खेळ्या केल्या की सापळे विरतात आणि काळ्याकडे उरते फक्त एका प्याद्याची उणीव. ही वाट मुलांना शिकवू नये, हे प्रशिक्षकांचे म्हणणे मला शंभर टक्के पटते. पण एफ-७ वरच्या घोड्याला हाच न्याय लावणे चूक आहे. राजाने घोडा मारल्यावर पांढरा डी-४ खेळतो, आणि त्या क्षणी पट जवळून पाहावा. पांढऱ्याची आठही प्यादी शाबूत, काळ्याची सहा. ई-४ आणि डी-४ ही दोन प्यादी खांद्याला खांदा लावून उभी. काळा राजा एफ-७ वर, किल्लेकोटाचा हक्क गेलेला. ई-५ येऊन घोड्याला हुसकावेल ही धमकी. लोभाने घोड्याकडून ई-४ वरचे प्यादे मारावे, तर वजीर एच-५ वर येऊन शह देतो. तो जी-६ ने अडवला तर डी-५ वरून दुसरा शह, आणि घोडा परत मिळतो. पण मुद्दा या चकमकीचा नाही. काळ्याने प्रत्येक खेळी अचूक केली तरी केंद्रातली ती प्यादी आणि तो बेघर राजा पटावर उरतातच. प्रतिस्पर्ध्याने अचूक उत्तर दिल्यानंतर पटावर काय शिल्लक राहते, याच्यावरून सापळा कुठला आणि आडवाट कुठली हे ठरवावे, असे माझे मत आहे. १९९९ मध्ये लिनारेस येथे टोपालोव्हने हाच घोडा क्रॅमनिकला दिला. पुढे दोघेही जगज्जेते झाले. डाव बरोबरीत सुटला. पेट्रॉफमध्ये मुरलेल्या क्रॅमनिककडेही त्या दिवशी सोपे उत्तर नव्हते.

यावर पूर्वपक्षी २०१८ ची लंडनची जगज्जेतेपदाची लढत पुढे करतील, आणि करावीच. सहाव्या डावात कार्लसनने कारुआनाच्या पेट्रॉफसमोर घोडा एफ-३ ऐवजी डी-३ वर नेला. ही आडवाटच होती, असे ते म्हणतील, आणि शेवटी पांढऱ्या मोहऱ्यांनी खेळणारा जगज्जेता ऐंशी खेळ्यांच्या त्या डावात कसाबसा वाचला. पण त्या डावात झाले काय? आठव्या खेळीतच दोन्ही वजीर पटाबाहेर गेले. केंद्र मोकळे, राजे निर्धास्त, दोन्हीकडे सारखीच प्यादी. खेळी अनोळखी होती, पण काळ्यापुढे आलेले प्रश्न पेट्रॉफ खेळणाऱ्याला रोजचे होते. नुसते वेगळेपण म्हणजे आडवाट नव्हे, हे या डावाने माझ्याच बाजूने सिद्ध केले.

त्याच लढतीच्या अकराव्या डावाकडे मात्र फारसे कोणी बोट दाखवत नाही. तिथे कार्लसनने पाचव्या खेळीत वजिराच्या बाजूचा घोडा सी-३ वर आणला, तो मारू दिला, सी स्तंभावर दुहेरी प्यादी स्वीकारली आणि राजाला लांबच्या बाजूच्या किल्लेकोटात नेले. आज ही पेट्रॉफविरुद्धची प्रमुख वाट आहे. पण १९८८ मध्ये बील येथे कोलंबियाच्या झापाटाने ती आनंदविरुद्ध खेळली तेव्हा ती निरुपद्रवी मानली जात असे. अठरा वर्षांच्या आनंदने एका छापील डावावर विश्वास टाकून उंट एफ-५ वर आणला. झापाटाने वजीर ई-२ वर ठेवला आणि आनंदने डाव सोडला. सहा खेळ्या! ई-४ वरचा काळा घोडा पांढरा घोडा आणि वजीर या दोघांच्या माऱ्यात सापडला होता. डी-५ ने आधार द्यावा, तर डी-३ येते आणि राजासमोर जखडलेला घोडा हलू शकत नाही. ई-७ वर वजीर आणावा, तर पांढरा घोडा डी-५ वर येऊन त्या वजिरालाच हुसकावतो. मला या डावात आनंदची चूक मोठी वाटत नाही. भक्कम बचावाचा भक्कमपणा किती अंशी पाठांतराचा असतो, हे त्यातून इतके उघडे पडले की ते विसरता येत नाही.

मुळाक्षरे कच्ची राहतात हा आक्षेप उरला. माझा अनुभव उलट आहे. एफ-३ वर घोडा परत नेणाऱ्या मुलाला पुढच्या दहा खेळ्या पाठ असतात आणि तो त्या विचार न करता करतो. घोडा दिलेल्या मुलाला पाचव्याच खेळीला केंद्र म्हणजे काय, वेळ म्हणजे काय, उघडा राजा म्हणजे किती प्यादी, हे स्वतः मोजावे लागते. अट एकच, आणि ती कठोर आहे: आडवाट निवडणाऱ्याने तिचा अभ्यास राजमार्गापेक्षा जास्त केला पाहिजे.

त्या संध्याकाळी मी प्रशिक्षकांची परवानगी घेऊन त्या मुलाबरोबर डाव पुन्हा लावला. राजाने घोडा मारल्यावर त्याने सी-४ वर उंट नेऊन शह दिला होता. काळ्याने डी-५ खेळून एक प्यादे परत केले, मोहऱ्यांना वाटा मोकळ्या केल्या, आणि तिथेच डाव फिरला. "शह का दिलास?" मी विचारले. "मिळत होता म्हणून," तो म्हणाला. मग बराच वेळ तो पटाकडे पाहत राहिला. उंट उचलून त्याने एफ-१ वर परत ठेवला, डी स्तंभावरचे प्यादे दोन घरे पुढे सरकवले आणि पट माझ्याकडे फिरवला. आता काळी मोहरी माझ्याकडे होती.