नाविक शस्त्रांचा संग्रह आणि इतिहासाचा पुरावा : तारापूर-पालघर किनाऱ्याच्या संदर्भात

जुन्या शस्त्रांचा संग्रह हा आपल्याकडे बहुधा हौसेचा किंवा वैभवाचा विषय मानला गेला आहे. संस्थानिकांच्या शस्त्रागारांत मांडलेल्या तलवारी, कट्यारी व बंदुका पाहताना प्रेक्षकाचे लक्ष मुठीवरील सोन्याच्या कोफ्तगरीकडे जाते. ते शस्त्र कोणी, कोठे व कोणत्या प्रसंगी धारण केले, हा प्रश्न मागे पडतो. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र हाच प्रश्न पहिला होय. शस्त्र हे लेखाप्रमाणेच एक साधन आहे. लेखाची तारीख, शिक्का व हस्ताक्षर तपासल्यावाचून तो प्रमाण मानता येत नाही, तोच नियम शस्त्रासही लागू करावयास हवा. या नियमाची कसोटी पाहण्यासाठी परस्परांपासून फार दूरची अशी दोन उदाहरणे येथे घेतली आहेत. एक जर्मन आरमाराच्या पिस्तुलांचे, आणि दुसरे १७३९ साली मराठ्यांनी जिंकलेल्या तारापूर किनाऱ्यावरील तोफांचे.

जर्मन शाही आरमाराने १९०४ साली गेओर्ग लुगर याच्या रचनेचे स्वयंचलित पिस्तूल स्वीकारले. ‘पिस्तूल ०४’ या नावाने ते ओळखले जाते. त्याची नळी १५० मिलिमीटर लांब असून मागील लक्ष्यदर्शक १०० व २०० मीटर अशा दोन अंतरांसाठी फिरविता येतो. मुठीच्या मागे लाकडी दस्ता जोडण्याची सोयही त्यात आहे. जर्मन लष्कराने १९०८ साली याच जातीचे जे पिस्तूल घेतले, त्याची नळी १०० मिलिमीटरांची होती. तेव्हा आरमारी पिस्तूल लांबीवरूनही ओळखता येते. तथापि त्याचे खरे ऐतिहासिक मोल त्यावरील खुणांत आहे. मुकुटाखाली ‘एम’ हे अक्षर असलेली आरमाराची कसोटीमुद्रा त्यावर उमटविलेली असते. मुठीच्या मागील पट्टीवर पुष्कळदा काही आद्याक्षरे व एक अनुक्रमांक कोरलेला आढळतो. ‘डब्ल्यू. के.’ म्हणजे कील येथील गोदी आणि ‘डब्ल्यू. डब्ल्यू.’ म्हणजे विल्हेल्म्सहाफेन येथील गोदी. पुढे नाझी राजवटीच्या काळात आरमाराच्या पिस्तुलांवर ‘ओ’ व ‘एन’ ही अक्षरे अनुक्रमांकासह येऊ लागली. त्यांचा अर्थ अनुक्रमे बाल्टिक समुद्र व उत्तर समुद्र येथील विभाग असा होतो.

या खुणांमुळे हातात मावणारी एक लोखंडी वस्तू आपला जन्म, आपले खाते आणि आपले ठाणे स्वतःच सांगते. संग्राहक या पिस्तुलांना अधिक किंमत देतात, त्याचे कारणही हेच. परंतु किंमत वाढली की खोटेपणाही वाढतो. लष्करी पिस्तुलास लांब नळी बसवून व बनावट मुद्रा उमटवून ते आरमारी म्हणून विकण्याचे प्रकार या व्यापारात सुपरिचित आहेत. म्हणून मुद्रेचे अस्तित्व एवढ्यावरच न थांबता तिची खोली, तिच्या कडांची झीज, मूळ रंगलेपाशी तिचा संबंध आणि सर्व सुट्या भागांवरील अंकांची जुळणी ही तपासली जाते. बनावट सनदेची परीक्षा करताना राजवाड्यांच्या पिढीतील संशोधक जी सावधगिरी बाळगीत, तिचीच ही धातूवरील आवृत्ती म्हणता येईल.

या आरमाराचा हिंदी महासागराशी आलेला संबंध पहिल्या महायुद्धातील आहे. ‘एम्डेन’ने सप्टेंबर १९१४ मध्ये मद्रासवर तोफा डागल्या, ‘वोल्फ’ या जहाजाने मुंबईसमोरील समुद्रात पेरलेल्या सुरुंगावर आदळून ‘मंगोलिया’ ही आगबोट २३ जून १९१७ रोजी बुडाली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अधिक बोधप्रद उदाहरण ‘क्योनिग्सबेर्ग’ या युद्धनौकेचे आहे. पूर्व आफ्रिकेतील रुफिजी नदीच्या मुखप्रदेशात अडकलेली ही नौका जुलै १९१५ मध्ये निकामी झाली. जर्मनांनी तिच्या दहा तोफा काढून चाकांच्या गाड्यांवर चढविल्या आणि जमिनीवरील युद्धात वापरल्या. त्यांतील एक आज प्रिटोरियात आणि एक मोंबासात पाहावयास मिळते. जहाजावरून जमिनीवर, एका सैन्याकडून दुसऱ्याकडे आणि अखेर संग्रहात असा त्या तोफांचा प्रवास लागोपाठ सांगता येतो. कारण प्रत्येक टप्प्यावर नोंद झाली.

आता पालघर किनाऱ्याकडे वळू. वसईपासून डहाणूपर्यंतचा हा पट्टा सोळाव्या शतकापासून पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चा भाग होता. माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू ही ठाणी एकमेकांपासून थोड्या अंतरावर, बहुतेक खाडीच्या तोंडाशी किंवा समुद्रकाठी उभी होती. त्यांचे बळ दुहेरी होते. तटावरील तोफा जमिनीकडून येणाऱ्या शत्रूस रोखीत आणि समुद्रमार्ग मोकळा असेतोपर्यंत दाणागोटा व दारूगोळा जहाजांतून येई. अशा ठाण्याची नाकेबंदी करून ते उपासाने शरण आणणे कठीण होते. म्हणूनच चिमाजी अप्पांच्या मोहिमेत या ठाण्यांवर सुरुंग व हल्ला या मार्गाचा अवलंब करावा लागला. जानेवारी १७३९ मध्ये या किनाऱ्यावरील ठाणी एकामागून एक पडली. त्यांत तारापूरचा संग्राम सर्वांत निकराचा झाला. सुरुंगांनी तटास खिंडार पडल्यावर मराठे आत शिरले. या लढाईत बाजी भिवराव रेटरेकर हा नामांकित सरदार गोळी लागून पडला. त्यानंतर वसईचा वेढा आवळला गेला आणि मे १७३९ मध्ये वसई शरण आली.

या विजयाची स्मारके कोणती राहिली, हा प्रश्न विचारला असता उत्तर विलक्षण मिळते. मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधील घंटा घाटावर नेऊन देवालयांस अर्पण करण्यात आल्या. नाशिक येथील नारोशंकराच्या देवळातील घंटेवर १७२१ हा आकडा आहे. भीमाशंकर व वाईजवळील मेणवली येथील घंटाही प्रसिद्ध आहेत. घंटा टिकल्या, कारण त्यांस नवे पण स्थिर स्थान मिळाले. देवळाच्या घंटेस कोणी वितळविले नाही, विकले नाही, जागेवरून हलविलेही नाही. शस्त्रांचे भाग्य याच्या उलट ठरले. तोफ ही जिंकणाऱ्याच्या दृष्टीने स्मारक नव्हे, तर उपयुक्त वस्तू होती. पितळी तोफेचा धातू मौल्यवान असल्याने ती निकामी झाली की ओतशाळेत जाई. बिडाची तोफ पुन्हा ओतण्यास अवघड. म्हणून ती एका किल्ल्यातून दुसऱ्यात, किल्ल्यातून जहाजावर आणि जहाजावरून पुन्हा तटावर फिरत राहिली. इंग्रजी अंमलात तर अशा तोफा मुंबईच्या किल्ला विभागात व गोदीत जमिनीत उभ्या पुरून खुंटांसारख्या वापरल्या गेल्या. ज्या शस्त्रांनी या किनाऱ्याचे भवितव्य ठरविले, तीच पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळी ठरली.

यावरून असा निष्कर्ष काढू नये की, किनाऱ्यावरील किल्ल्यांत पडून असलेल्या बिडाच्या तोफा मुक्या आहेत. त्यांच्या अंगावरील लिपी वाचावयास हवी. पोर्तुगीज तोफांवर राजचिन्हे व कित्येकदा ओताऱ्याचे नाव असते. गोवे व मकाव येथे तोफा ओतणारे बोकारो घराणे या बाबतीत विख्यात आहे. डच कंपनीच्या तोफेवर तिच्या आद्याक्षरांची गुंफण आढळते. इंग्रजी तोफेवर बहुधा तीन अंक ओळीने कोरलेले असतात. ते तिचे वजन होय : पहिला अंक हंड्रेडवेटांचा (११२ पौंड), दुसरा पाव हंड्रेडवेटांचा (२८ पौंड) आणि तिसरा सुट्या पौंडांचा. एखाद्या तोफेवर २०-२-१० असे अंक असतील, तर तिचे वजन २,३०६ पौंड, म्हणजे सुमारे १,०४६ किलोग्रॅम भरते. तोफ गाड्यावर टेकविण्यासाठी दोन्ही बाजूंस जे आडवे खुंट असतात, त्यांच्या टोकांवरही ओतशाळेची खूण व अनुक्रमांक सापडण्याचा संभव असतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. पोर्तुगीजांनी बांधलेल्या किल्ल्यातील प्रत्येक तोफ पोर्तुगीज असतेच असे नाही. पोर्तुगीजांनंतर मराठे आणि मराठ्यांनंतर इंग्रज असे स्वामी या किनाऱ्याने पाहिले, आणि तारापूरचा किल्ला तर पुढे विकाजी मेहेरजी या पारशी घराण्याकडे आला. शिवाय तोफा विकत घेतल्या जात, बुडालेल्या जहाजांवरून काढल्या जात आणि लुटीतही मिळत. त्यामुळे मराठी ठाण्यात इंग्रजी तोफ आढळली, तर तेथे इंग्रजांचा अंमल होता असे सिद्ध होत नाही. खूण वस्तूचा जन्म सांगते. वस्तूचे पुढील चरित्र तिच्या सापडण्याच्या जागेवरून व नोंदीवरूनच कळते. यांतील एक गमावले की दुसऱ्याचे अर्धे मोल जाते.

संग्रहाचा प्रश्न येथे निर्णायक होतो. दिनकर केळकरांसारख्या (१८९६–१९९०) व्रतस्थ संग्राहकाने लोकजीवनातील हजारो वस्तू नाशापासून वाचविल्या व तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला; हे ऋण मोठे आहे. परंतु सर्व संग्रह या वृत्तीने होत नाहीत. किल्ल्यातून उचलून एखाद्या बंगल्याच्या दारात मांडलेली तोफ सुरक्षित असेल. ती पुरावा मात्र उरत नाही. कायद्याची भूमिकाही या संदर्भात लक्षात घेण्याजोगी आहे. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यान्वये शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावस्तू ठरू शकते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या ४५ व्या कलमात, दुरुस्तीनेही वापरता न येणाऱ्या कालबाह्य किंवा पुरातन शस्त्रास सूट आहे. म्हणजे चालू स्थितीतील जुने पिस्तूल केवळ जुने म्हणून परवान्यातून सुटत नाही. इतिहासाच्या अभ्यासकास यात अडचण वाटण्याचे कारण नाही. शस्त्राची मारकशक्ती नाहीशी झाली तरी त्यावरील मुद्रा, अंक व झीज कायम राहतात, आणि अभ्यासकास हवे असते ते एवढेच.

जर्मन आरमारी पिस्तुलाच्या अभ्यासातून तारापूर किनाऱ्याने घ्यावयाचा धडा असा आहे. त्या पिस्तुलांचा इतिहास लिहिता आला तो त्यांच्या सौंदर्यामुळे किंवा पराक्रमामुळे नव्हे. प्रत्येक खूण मोजून, उतरून व दुसरीशी ताडून पाहण्याच्या शिस्तीमुळे. तीच शिस्त माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर व डहाणू येथे लागू करता येईल. प्रत्येक तोफेची लांबी, मुखाचा व्यास, खुणांचे कागदी ठसे, तिची नेमकी जागा आणि तोंडाची दिशा एवढी नोंद करण्यास मोठा खर्च लागत नाही. लागते ती वस्तू हलविण्यापूर्वी नोंद करण्याची सवय. खारे वारे बिडास रोज थोडे थोडे खात आहेत, आणि अंकांची खोली ही फार तर एखाद-दुसऱ्या मिलिमीटरची असते. बाजी भिवरावाचे मरण कागदांनी जपले. ज्या तटाखाली तो पडला, त्या तटावरील शस्त्रांची साक्ष घेण्याचे काम मात्र कागदांवर सोपवून भागणार नाही.